कै. कनू गांधी आणि त्यांचा कॅमेरा

थोर पुरुषांचीं चरित्रें आपण नित्य वाचतों. परंतु त्या थोर पुरुषांची मूर्ति ज्याच्या श्रमानें आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते, त्या मनुष्याचें चरित्र वाचण्याचा प्रसंग क्वचितच येतो. आमच्या वर्धा जिल्ह्यांतील बहुतेक विद्यार्थ्यांनीं सेवाग्रामचा आश्रम पाहिलेला आहे. बापूकुटीच्या मातीच्या भिंती, बांबूंचें छप्पर, बसावयाची चटई हीं सर्वांच्या परिचयाचीं आहेत. परंतु त्या कुटीच्या परिसरांत महात्माजी बसत कसे, चालत कसे, रोग्याची शुश्रूषा करीत कशी, हें आज आपणांस डोळ्यांनीं पाहतां येतें तें बव्हंशीं एका तरुणाच्या कॅमेऱ्यामुळें. त्या तरुणाचें नांव कनू नारणदास गांधी. त्यांचें अल्प चरित्र सांगावें, आणि चित्रांत काय घ्यावें व काय सोडावें याची जी विद्या त्यांनीं संपादन केली तिचा आपण सर्वांनीं मिळून विचार करावा, या हेतूनें आम्हीं हा लेख लिहिला आहे.

कनूभाईंचा जन्म १९१७ सालचा. त्यांचे वडील नारणदास गांधी हे महात्माजींच्या चुलतभावाचे चिरंजीव. तेव्हां नात्यानें कनूभाई हे महात्माजींचे नातू लागत. नारणदास हे मोठे व्यवस्थित गृहस्थ होते. १९३० सालीं महात्माजी मिठाच्या सत्याग्रहासाठीं दांडीस निघाले, तेव्हां साबरमतीच्या आश्रमाची व्यवस्था त्यांनीं नारणदासांवर सोंपविली होती. पुढें राजकोट येथील राष्ट्रीय शाळेचा कारभारही नारणदासांनींच पाहिला. अशा पित्याच्या घरीं वाढलेल्या मुलास पैशापैशाचा हिशेब ठेवणें आणि हातीं घेतलेलें काम चोख करणें या गोष्टी निराळ्या शिकवाव्या लागल्या नसाव्यात.

कनूभाईंच्या मनांत डॉक्टर व्हावें असें होतें. परंतु महात्माजींच्या सेवेंत राहावें अशी आईवडिलांची इच्छा होती, आणि कनूभाईंनीं ती मान्य केली. महात्माजी १९३६ च्या एप्रिलच्या अखेरीस वर्ध्याहून शेगांव या खेड्यांत राहावयास गेले होते. याच शेगांवाचें नांव १९४० सालीं सेवाग्राम असें झालें. येथील कचेरींत कनूभाईंकडे पत्रव्यवहार व हिशेब यांचें काम आलें. देशांतून व परदेशांतून येणारीं पत्रें लावून ठेवावीं, आलेल्या देणग्या टिपून ठेवाव्या, आणि जें सांगितलें जाईल तें करावें, असा त्यांचा दिनक्रम होता. कॅमेऱ्याचा या सर्वांत कोठेंही संबंध नव्हता.

छायाचित्रणाची गोडी त्यांस विनोबांचे धाकटे बंधु शिवाजी भावे यांच्यामुळें लागली. महात्माजींच्या जीवनाची नोंद चित्ररूपानें राहिली पाहिजे, ही गोष्ट कनूभाईंच्या मनानें घेतली. पण कॅमेरा आणावा कोठून? त्यांनीं महात्माजींजवळ इच्छा प्रकट केली; परंतु आश्रमाचा पैसा हा लोकांचा पैसा, तो अशा कामीं खर्च करतां येणार नाहीं, असें त्यांस उत्तर मिळालें. पुढें शेठ घनश्यामदास बिर्ला यांनीं १०० रुपये दिले. त्यांतून रोलीफ्लेक्स जातीचा एक कॅमेरा आणि फिल्मचा रोल आला. महात्माजींनीं चित्रें काढण्यास परवानगी दिली खरी, पण तीन अटी घातल्या. पहिली अट अशी कीं, फ्लॅशचा दिवा कधींही वापरावयाचा नाहीं. दुसरी अशी कीं, चित्रासाठीं अमुक रीतीनें बसा किंवा उभे राहा, असें कधींही सांगावयाचें नाहीं. तिसरी अशी कीं, या कामासाठीं आश्रमाकडून एक पैही मिळणार नाहीं.

वाचकहो, या तीन अटी ऐकून कोणाही छायाचित्रकारानें हात टेकले असते. त्या काळच्या पेठेंतील स्टुडिओ आठवून पाहा, म्हणजे या अटींची कठोरता ध्यानांत येईल. तेथें मागें बागेचा किंवा वाड्याचा रंगविलेला पडदा असे, बाजूस फुलदाणी व नक्षीची खुर्ची असे. गिऱ्हाइकानें एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवावा, मान किंचित् वळवावी आणि श्वास रोखून धरावा, असा रिवाज होता. चित्रांतील प्रत्येक वस्तु छायाचित्रकार आपल्या हातानें मांडीत असे. कनूभाईंस महात्माजींच्या पुढ्यांतली दौत सुद्धां चित्रासाठीं इकडची तिकडे करण्याची सोय नव्हती. मांडण्याची मोकळीक गेली म्हणजे मागें काय उरतें? फक्त निवडणें उरतें. आपण कोठें उभें राहावें, कोणत्या क्षणीं कळ दाबावी, चौकटींत काय घ्यावें आणि काय बाहेर ठेवावें, एवढ्याच चार गोष्टी त्यांच्या हातीं होत्या. कनूभाईंची सारी कला या चार गोष्टींत आहे.

आतां एकेका अटीचा परिणाम पाहूं. फ्लॅश नाहीं म्हटल्यावर जो उजेड ईश्वरानें दिला असेल तोच खरा. बापूकुटी मातीची, छप्पर खालीं उतरतें. आंत उजेड यावयाचा तो दारांतून किंवा खिडकींतून. अशा ठिकाणीं कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या दहाव्या किंवा पांचव्या हिश्शाइतका उघडा ठेवावा लागे, आणि तेवढ्यांत हात हलला कीं चित्र पुसट होई. म्हणून अशा जागीं काम करणाऱ्यास कोणत्या प्रहरीं कवडसा कोठें पडतो, लिहितांना कागदावर उजेड येतो कीं चेहऱ्यावर, हें पाठ करावें लागतें. याचा एक मोठा लाभ होतो. फ्लॅशचा दिवा खोलींतील बऱ्यावाईट सर्वच वस्तु सारख्या उजळून टाकतो. खिडकीचा उजेड मात्र खांदा, कपाळ, हातांतील कागद एवढेंच उजळतो आणि बाकीचें अंधारांत ठेवतो. म्हणजे निवडीचें निम्में काम तो उजेडच करून देतो. आपण त्याची वाट पाहावयाची इतकेंच.

दुसऱ्या अटीनें त्यांस धीर शिकविला. महात्माजी कॅमेऱ्याकडे पाहणार नाहींत, थांबणारही नाहींत, हें ठरलेलें. तेव्हां जो मनुष्य आपल्याकडे पाहत नाहीं त्याच्यांत पाहण्यासारखें काय आहे, याचा शोध त्यांस घ्यावा लागला. म्हणून त्यांच्या कित्येक चित्रांत महात्माजींची केवळ पाठ दिसते. परंतु तो कोण आहे हें सांगावें लागत नाहीं. चेहरा म्हणजेच माणूस अशी आपली समजूत असते. कनूभाईंचीं चित्रें पाहिल्यावर असें वाटतें कीं, पाठीचा बांक, काठी धरण्याची रीत आणि चालण्याचा वेग हींही माणसाचीं तितकींच खरीं ओळखचिन्हें आहेत.

तिसरी अट पैशाची. त्यांच्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यांत एका रोलावर अवघीं १२ चौकोनी चित्रें निघत. रोल विकत घ्यावयाचा, तो धुवावयाचा, छापावयाचा, आणि खर्च आश्रमाकडे मागावयाचा नाहीं. पुढें वर्तमानपत्रांकडे चित्रें जाऊं लागलीं आणि त्यांच्या मोबदल्यांतून खर्च निघूं लागला. तरी प्रत्येक कळ दाबण्यापूर्वीं हें चित्र खरोखर घेण्यासारखें आहे काय, असें मनाशीं विचारणें त्यांस भाग होतें. हिशेबनीसाच्या हातीं कॅमेरा आला याचा असाही उपयोग झाला.

या कॅमेऱ्याची घडणही त्यांच्या कामास साजेशी होती. जर्मनींतील ब्राउनश्वाइग या गांवीं १९२९ पासून हे कॅमेरे तयार होऊं लागले. एकावर एक अशीं दोन भिंगें असतात. वरच्या भिंगांतून आलेली प्रतिमा माथ्यावरील कांचेवर दिसते आणि खालच्या भिंगांतून चित्र उतरतें. छायाचित्रकार तो डोळ्यांस लावीत नाहीं. पोटाशीं किंवा छातीशीं धरतो आणि मान खालीं घालून पाहतो. त्यामुळें समोरच्या माणसावर कांहीं रोखलें आहे असें वाटत नाहीं. शिवाय आश्रमांत सर्व मंडळी जमिनीवर बसणारीं. उभ्या माणसाच्या डोळ्यांतून पाहिलें तर त्यांचे माथेच दिसावयाचे. छातीशीं धरलेला कॅमेरा खालीं उतरतो, आणि पाहणारा त्यांच्या पंगतीस येऊन बसतो. कोठून पाहावें हें ठरविणें म्हणजे अर्धें चित्र ठरविणें होय.

१९३६ नंतरच्या दहाबारा वर्षांत कनूभाईंनीं जीं चित्रें काढलीं त्यांतील दोनचार येथें सांगतों. आमच्या जिल्ह्याचा उन्हाळा आपण सर्व जाणतों. पारा ४५ अंशांच्या वर चढतो. एका चित्रांत उन्हापासून बचाव व्हावा म्हणून महात्माजींनीं डोक्यावर चक्क उशी घेतली आहे. साम्राज्याशीं झुंजणारा पुरुष आणि डोक्यावर उशी! दुसरा एखादा छायाचित्रकार असतां तर हें चित्र आदरास बाधक म्हणून टाकून देता, किंवा ती उशी बाजूस ठेवावयास सांगता. कनूभाईंस सांगण्याची मुभा नव्हती. आणि त्या उशीनेंच चित्रास गोडी आणली. ती काढून टाका, मग उरेल तें शेंकडों चित्रांसारखें एक चित्र.

दुसरें चित्र परचुरेशास्त्री यांचें. हे संस्कृतचे पंडित. येरवड्याच्या तुरुंगांत असल्यापासून महात्माजींच्या परिचयाचे. त्यांस महारोग जडला होता. त्या काळीं या रोगाची लोकांस एवढी भीति वाटे कीं, सख्खे नातलगही दूर होत. १९३९ सालीं शास्त्रीबुवा सेवाग्रामास आले, महात्माजींनीं त्यांस ठेवून घेतलें आणि त्यांच्यासाठीं जवळच कुटी उभारली. महात्माजी स्वतः त्यांचें अंग चोळीत. कनूभाईंनीं तो प्रसंग टिपला आहे. त्यांत पाहण्यासारखी वस्तु एकच, ती म्हणजे रोग्याच्या अंगावर ठेवलेला हात. ज्या शरीरास शिवावयास जग भीत होतें त्यावर हा हात निःशंकपणें टेकला आहे, आणि डोळे त्या कामांत गुंतले आहेत. महारोग हा सेवेनें व उपचारानें हटणारा रोग आहे, घृणेनें नव्हे, हें समजाविण्यास पुष्कळ व्याख्यानें लागलीं असतीं. येथें एका हातानें तें सांगितलें. आज या रोगावर खात्रीचीं औषधें आहेत. त्या वेळीं नव्हतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या हाताचें मोल अधिकच कळतें.

तिसरें चित्र आगगाडीचें. १९४५-४६ सालीं महात्माजी बंगाल, आसाम व दक्षिण हिंदुस्थान येथें फिरले, तेव्हां स्टेशनास्टेशनावर हरिजन फंडासाठीं ते डब्यांतून हात पुढें करीत आणि लोक त्यांत पैसे टाकीत. त्या हाताचीं चित्रें कनूभाईंनीं काढलीं. येथेंही हातच, पण अर्थ निराळा. परचुरेशास्त्र्यांच्या चित्रांत देणारा हात आहे, आगगाडीच्या चित्रांत घेणारा आहे. आणि घेतो तोही दुसऱ्यांसाठींच. ज्यास चित्र काढावयास शिकावयाचें असेल त्यानें हीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. मोठी गर्दी, मोठें मंदिर, मोठा देखावा यांवांचून चित्र मनोरंजक होत नाहीं ही समजूत त्यानें निघून जाईल.

चौथें चित्र मार्च १९३९ मधील राजकोटच्या उपवासाचें. हा उपवास ज्या राष्ट्रीय शाळेंत झाला तिचा कारभार कनूभाईंचे वडीलच पाहत होते. अशक्त झालेला पितामह समोर, भोंवतीं चिंताग्रस्त मंडळी, आणि नातू कॅमेरा घेऊन उभा. असल्या वेळीं सेवा करावी कीं चित्र काढावें, हा प्रश्न कनूभाईंपुढें आयुष्यांत अनेकदां उभा राहिला असेल. ते बाहेरून आलेले पाहुणे नव्हते. त्या घरचेच होते. म्हणूनच त्यांच्या चित्रांत एवढी जवळीक आहे, आणि म्हणूनच तें काम इतरांहून त्यांस अधिक जड गेलें असेल.

येथें तुलनेसाठीं एका परदेशी बाईंचा उल्लेख करूं. अमेरिकेंतील लाइफ या साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट या १९४६ सालीं पुण्यास महात्माजींचें चित्र काढण्यासाठीं आल्या. आधीं चरखा चालवावयास शिका, मग चित्र काढा, असें त्यांस महात्माजींच्या चिटणिसांकडून सांगण्यांत आलें. खोलींत उजेड कमी, म्हणून फ्लॅशचे तीनच दिवे वापरण्याची सवलत मिळाली; पहिले दोन वायां गेले, तिसरा साधला. त्या बाईंनीं चरखा अगदीं पुढें, मोठा घेतला, आणि महात्माजी त्याच्या पलीकडे कांहींतरी वाचीत बसलेले दाखविले. तें चित्र जगप्रसिद्ध झालें, आणि योग्यच झालें. कारण कोणती वस्तु पुढें घ्यावी हें त्यांनीं अचूक ओळखलें होतें. त्यांस एका भेटींत एक खूण शोधावयाची होती. कनूभाईंपुढें मात्र रोजचा दिवस होता. त्या दिवसांतून त्यांस उशी, काठी, पाठ, हात अशा लहान लहान खुणा वेंचावयाच्या होत्या. दोन्ही रीति खऱ्या. परंतु दुसरीस अधिक वर्षें लागतात.

आतां जो प्रसंग सांगावयाचा तो या चरित्राचें हृदय होय. १९४२ च्या ऑगस्टमध्यें सरकारनें महात्माजींस पकडून पुण्याच्या आगाखान महालांत ठेवलें. कस्तुरबाही तेथेंच बंदींत होत्या. त्यांचें दुखणें विकोपास गेलें तेव्हां शुश्रूषेसाठीं कनूभाईंस तेथें येऊं देण्यांत आलें. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं कस्तुरबांनीं महात्माजींच्या मांडीवर डोकें ठेवून देह सोडला. बासष्ट वर्षांच्या सहजीवनाचा तो शेवट होता. ती घटिका चित्रांत धरावी असें कनूभाईंस वाटलें. परंतु महात्माजींनीं परवानगी दिली नाहीं. कनूभाईंनीं कॅमेरा खालीं ठेवला.

वाचकांनीं क्षणभर विचार करावा. इतिहासाच्या दृष्टीनें पाहिलें तर तें चित्र अनमोल झालें असतें. तें नाहीं, आणि आतां कधींही असणार नाहीं. ही हानि लहान नव्हे, आणि तिच्याबद्दल हळहळ वाटणें स्वाभाविक आहे. परंतु त्या घटिकेचा मालक कोण? पाहणारा कीं सोसणारा? महात्माजींनीं लोकांस आपलें जेवणखाण, दुखणें, उपवास, सारें पाहूं दिलें; हा एकच क्षण त्यांनीं आपल्यापाशीं ठेवला. ज्या नातवानें तो मान राखला त्याच्या हातून निघालेल्या इतर चित्रांवर आपण अधिक विश्वास ठेवूं शकतों. कारण तीं चोरून घेतलेलीं नाहींत हें आपणांस ठाऊक आहे. चौकटीबाहेर काय ठेवावें, या निवडीचें याहून मोठें उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

१९४४ सालींच कनूभाईंचा विवाह आभा चटर्जी या बंगाली मुलीशीं झाला. १९४६ च्या अखेरीस नौखालींत दंगली झाल्या, तेव्हां महात्माजी खेडोपाडीं फिरले, आणि कनूभाई तेथें शांतीच्या कार्यांत राहिले. पुढें महात्माजी दिल्लीस गेले, तरी कनूभाई नौखालींतच होते. ३० जानेवारी १९४८ रोजीं सायंकाळीं महात्माजी प्रार्थनेस निघाले, तेव्हां त्यांचे हात ज्या दोन मुलींच्या खांद्यांवर होते त्यांतील एक आभाबेन, कनूभाईंच्या पत्नी. गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हां त्या शेजारीं होत्या. पति शेंकडों मैल दूर होता. ज्यानें दहाबारा वर्षें महात्माजींस चित्रांत जपून ठेवलें, त्यास शेवटच्या दिवसाचें एकही चित्र घेतां आलें नाहीं. तें काम आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांसारख्या परदेशी छायाचित्रकारांनीं केलें.

त्यानंतर कनूभाई व आभाबेन यांनीं राजकोटच्या बाजूस लोकसेवेंत आयुष्य घालविलें. आपल्या चित्रांचा त्यांनीं गाजावाजा केला नाहीं. लोक चित्रें पाहत, परंतु काढणाराचें नांव बहुतेकांस ठाऊक नसे. १९८६ सालीं कनूभाई निवर्तले. २०१५ सालीं दिल्लींतील एका संस्थेनें त्यांच्या निवडक चित्रांचें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि तेव्हांपासून त्यांचें नांव पुष्कळांच्या तोंडीं आलें.

विद्यार्थिमित्रांनो, आज घरोघरीं मोबाईल आहे आणि त्यांत कॅमेरा आहे. बारा चित्रांची मर्यादा राहिली नाहीं. बाराशें काढलीं तरी कोणी पैसा मागत नाहीं. तथापि चित्रें वाढलीं म्हणून पाहणें वाढतेंच असें नाहीं. सहलीस जाल तेव्हां कनूभाईंच्या अटी एक दिवस आपण होऊन पाळून पाहा. दिवसभरांत बाराच चित्रें काढावयाचीं, फ्लॅश लावावयाचा नाहीं, कोणासही उभें राहा म्हणून सांगावयाचें नाहीं. मग तुम्ही उजेड कोठून येतो तें पाहूं लागाल. बैलाच्या शिंगाआड दिसणारा धन्याचा हात, कापसाच्या गाड्यावर झोंपलेलें मूल, आजीच्या पायांशीं पडलेली सावली यांकडे लक्ष जाईल. मागें लोंबणारी तार किंवा अर्धवट घुसलेला माणूस चित्र बिघडवितो हें कळेल, आणि दोन पावलें बाजूस सरून तें टाळतां येतें हेंही कळेल.

पालकांसही आमची एक विनंति आहे. अपघात झाला, कोणी रुग्णालयांत निजला, कोणाच्या घरीं मृत्यु झाला, कीं आधीं मोबाईल वर होतो आणि मग मदतीचा हात पुढें येतो, कधीं येतही नाहीं. मुलें हें आपल्याकडूनच शिकतात. चित्र कसें काढावें हें मुलांस शाळा शिकवील, पुस्तकें शिकवितील. तें केव्हां काढूं नये हें मात्र घरींच शिकवावें लागेल. कनूभाईंस तें घरच्या वडिलांनींच शिकविलें, आणि त्यांनीं तें आयुष्यभर पाळलें.